बाटलीतला अंगारा

सकाळी नातवाच्या लघवीची बाटली घेऊन लॅबकडे निघालो, तेव्हा सुनेने ओझरच्या गणपतीच्या अंगाऱ्याची पुडी हातात ठेवली. धुपाच्या त्या वासाने मी मनाने एकदम कित्येक वर्षं मागे, नारायणगावच्या जुन्या लॅबमधल्या माझ्या तपासनिसाच्या स्टुलावर जाऊन बसलो.

तळेघरहून आलेली एक बाई मुलीच्या लघवीची बाटली पदराखाली धरून समोर उभी होती. मुलगी शेजारच्या दवाखान्यात, तोंडावर सूज. मी थेंबभर लघवी काचेवर घेऊन मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर जिकडेतिकडे काळे कण.

"मावशी, बाटलीत काय टाकलंय?"

"अंगारा टाकलाय चिमूटभर. रिपोट चांगला यावा म्हणून."

मी भडकलो. "असली लघवी चालत नाही. दुसरी आणा."

"कुठनं आणू, भाऊ? कालधरनं तिला एवढीच झालीय."

मी पुन्हा डोळा लावला. काळ्या कणांमधून रक्तातल्या लाल पेशी चिकटून झालेल्या कांड्या स्पष्ट दिसत होत्या. त्या किडनीच्या बारीक नळ्यांतच घडतात. मुलीच्या किडन्या आतून पेटल्या होत्या. पण ते सांगायचं काम डॉक्टरांचं.

"काय दिसतंय का?" तिने विचारलं.

"राख दिसतेय," मी म्हणालो.

तेव्हा मी तिला अडाणी समजलो होतो. आज लॅबच्या पायरीवर थांबून बाटलीचं झाकण घट्ट आहे ना, हे मी दोनदा पाहिलं. मग लक्षात आलं, सुनेने दिलेली पुडी मी केव्हाच उघडली होती आणि चिमूटभर अंगारा बोटांत होता.