कपाटातला ऑसिलोस्कोप

आमच्या तंत्रनिकेतनात एकच ऑसिलोस्कोप होता. विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र. वर्षभर लोखंडी कपाटात, कुलपात. खंडेनवमीला बाहेर यायचा, हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून परत आत. बटणांच्या खाचांत जुनं कुंकू सुकलेलं. वेगवान सर्किटवरचं एकुलतं एक पुस्तकही ग्रंथालयात काचेआड.

शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्टमधला जोडीदार हसनाबादचा होता. एकदा नापास झालेला. यंदाही प्रोजेक्ट गेला तर घरचे जालन्यात ठेवणार नाहीत, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आम्ही विजेचे ठोके मोजणारा काउंटर बनवला. ठोके सावकाश दिले की बराबर मोजायचा. जोरात दिले की वाट्टेल ते आकडे. सर म्हणाले, "वायरी नीट बांधा रे." तिथं टापटिपीला मार्क होते. आम्ही लांब वायरींची दोऱ्यानं वेणी घातली. आकडे आणखीच बिघडले.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. एक काढलं: यंत्र पूजेला नाही, शिकायला घेतलंय. नवीन जालन्यात स्टेशनपर्यंत चिकटवलं. चौथ्या दिवशी प्राचार्यांनी किल्ली टेबलावर टाकली. "घ्या. मोडलं तर तेही पत्रकात छापा." पुस्तकही ग्रंथालयातच बसून वाचू दिलं.

पडद्यावर दिसलं. ठोक्याची कड सरळ चढत नव्हती, थरथरत होती, म्हणून एकाचे दोन मोजले जात होते. पुस्तकात लिहिलेलंच होतं: लांब वायरी एकत्र बांधल्या की वेगाला असंच होतं. आम्ही वेणी सोडली, वायरी बोटभर ठेवल्या, प्रत्येक चिपच्या पायाशी वीज स्थिर ठेवणारा छोटा कपॅसिटर लावला. बोर्ड जळमटासारखा दिसायला लागला. पण मोजायला लागला.

परीक्षेच्या सकाळी जोडीदार म्हणाला, "वरून एक वेणी लावू का? नुसती दाखवायला. जोडायची न्हाई."

"कशाला? चालू करून दाखवू की."

"बाहेरचे सर चालू करत न्हाईत रे. बघतेत अन् जातेत. तुझं काय, तुला भाषण येतं."

"मंग पत्रक कशाला काढलं मी?"

त्यानं दोरा खिशात ठेवला. वेणी लावली नाही.

बाहेरचे परीक्षक आले. "हे काय, कोळ्याचं घर?" बटणाला हातही लावला नाही. मी बोलत राहिलो, कड, वायरी, वेग. त्यांनी ऐकून घेतलं. मग जोडीदाराला विचारलं. तो नुसता बटणाकडं बोट दाखवत राहिला.

मी पास झालो. तो नाही.

निकालाच्या दिवशी त्याला हसनाबादच्या गाडीपर्यंत सोडलं. वाटलं होतं, मला राग येईल, रडू येईल. काहीच आलं नाही. तो खिडकीतून म्हणाला, "बोर्ड तुझ्याकडंच राहू दे. चालतो तो."

गाडी गेल्यावर मी कॉलेजात जाऊन कपाटाची किल्ली परत दिली. कोणी मागितली नव्हती.