आईचं ‘नको’ आणि सांता फे

“तिला आपण नको आहोत,” आई म्हणाली.

हे ती फ्रिजला सांगत होती. आमच्या घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी आधी फ्रिजला कळतात, कारण तो थंड डोक्याने ऐकतो आणि मध्ये बोलत नाही. (याच दोन गुणांवर मीही या घरात पंचवीस वर्षं निभावून नेली आहेत.) मी नुकतीच सिंगापुरातल्या वन-नॉर्थच्या ऑफिसातून क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या घरी पोचले होते आणि दारात एक बूट काढून दुसऱ्यासाठी वाकले होते.

“अकरा वर्षांनी सख्ख्या बहिणीकडे जायचं म्हटलं,” कोथिंबिरीची जुडी आत कोंबत आई पुढे म्हणाली, “तर बाईंनी आज दुपारी हॉटेलांची नावं पाठवली. एक नाही, दोन नाही, तीन!”

मी दुसरा बूट पायातच ठेवला. पळायची वेळ आलीच तर असावा. कारण तीन हा आकडा माझा होता.

शुभामावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, अमेरिकेच्या नैर्ऋत्येला वाळवंटातल्या सांता फे नावाच्या गावात राहते. चारशे वर्षं जुनं गाव, आणि सगळं मातीच्या रंगाचं. घरं मातीच्या रंगाची, दुकानं मातीच्या रंगाची, बँकसुद्धा मातीच्या रंगाची. दोघी बहिणी शेवटच्या भेटल्या त्या नाशिकच्या एका लग्नात, आणि तिथेही आठशे पाहुण्यांमधून एकमेकींना “नंतर बोलू गं!” एवढंच ओरडून सांगता आलं होतं. ते ‘नंतर’ या डिसेंबरात उगवणार होतं. व्हिसा झाले होते. “बघायचं काय ते तुम्ही बघा,” आईने आम्हाला बजावलं होतं. “मी पाच दिवस शुभाशेजारी आडवी पडून फक्त बोलणार आहे.”

आणि आदल्याच संध्याकाळी मावशीचा आवाजी निरोप आला होता: “ताई, सगळे या गं! इथला बर्फ बघा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं गाव कागदी पिशव्यांत वाळू भरून आत मेणबत्त्या लावतं, ते बघा. आणि उतरायचं माझ्याचकडे!”

आईने तो चार वेळा ऐकला. मग कणकेत हात घातले आणि तिथूनच मला हाक मारली, “इरा, लिही तिला! म्हणावं, अगं कशाला उगाच त्रास? चार माणसं म्हणजे काय थोडी झाली? आम्ही आपले हॉटेलात उतरू!”

तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. शहाण्या मुलीने त्या चेहऱ्याकडे बघितलं असतं. मी फोनकडे बघितलं.

मी पहिलीपासून इंग्रजी शाळेत शिकले. आम्हाला शिकवलं होतं की उताऱ्यातला फापटपसारा काढून टाकायचा आणि सारांश लिहायचा. मी लिहिला. माझ्या फोनवरून, मुद्देसूद इंग्रजीत: आमंत्रणाबद्दल आभार, आईची पसंती हॉटेलला आहे, तरी चौकाजवळची तीन चांगली हॉटेलं सुचवावीत. खाली नाव, नावापुढे पूर्णविराम. अकरा सेकंदांत काम फत्ते! मी स्वतःवर खूश होऊन पोळ्यांची वाट बघत बसले.

आता आमच्याकडचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. पहिला ‘नको’ वळण म्हणून असतो, दुसरा माया म्हणून, आणि तिसऱ्याला “बरं बाई, तू ऐकणार थोडीच!” असं म्हणून ताट पुढे ओढायचं असतं. पण तो नियम मला फक्त ताटापुरता माहीत होता. (तोही अर्धाच. मी एकदा ‘नको’ म्हणते आणि ऑफिसातली मंडळी चक्क विश्वास ठेवतात! कितीतरी वाढदिवसांहून मी उपाशी परतले आहे.) मावशीने हवा तेवढा आग्रह केलाही असता. पण ज्या पत्रात तीन हॉटेलांची मागणी आहे, त्यात आग्रह शिरणार कुठून?

म्हणजे फ्रिजसमोर उभं राहून आत्ताच खरं सांगून टाकायला हवं होतं. मी तोंड उघडलं.

“काय गं?” आई वळली. डोळे लाल होते.

“भूक लागलीये,” मी म्हणाले.

इथपर्यंत निदान दोघींचंच बिनसलं होतं. मग बाबा घरी आले.

बाबांनी पंचवीस वर्षं जहाजांवर इंजिनिअरकी केली. आता ते किनाऱ्यावरच जहाजांच्या दुरुस्तीचं काम बघतात, पण घर अजून जहाज समजूनच चालवतात. हॉटेलचं ऐकून ते खुलले. “उत्तम! म्हणजे कुणाचं मिंधं नको. ब्रेकफास्ट आहे?”

“आहे,” आई म्हणाली. तो ‘आहे’ ऐकून बाबांच्या जागी मी असते तर केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं असतं. बाबांनी मोठा कागद पसरून सफरीचा आराखडा काढायला घेतला.

“पण बंदर कुठाय या गावाला?”

“नाहीये, बाबा. वाळवंट आहे,” मी म्हणाले.

“मग लोक तिथे राहतात कशाला?” (ज्या गावाला बंदर नाही, त्या गावावर बाबांचा विश्वास नाही.) त्यांनी लिहिलं: टोप्या चार, काळे चष्मे चार, उन्हाचं मलम मोठी ट्यूब, कोकम सरबत.

“बर्फ पडतो तिथे, बाबा!” ही माझी बहीण रेवा. वय सोळा, मराठी घरापुरतं, निष्ठा सिंगापूरला, आणि वाक्याला शेपूट इथल्या ‘लाह’चं.

“वाळवंटात?”

“सात हजार फूट उंच आहे लाह! डिसेंबरात उणे दहा!”

बाबांनी थोडा विचार केला आणि ‘टोप्या चार’च्या पुढे लिहिलं, ‘लोकरीच्या’. सरबत तसंच राहिलं. मग त्यांनी मावशीच्या यादीतलं पहिलं हॉटेल धरलं आणि दोन खोल्या पक्क्या केल्या.

मी ठरवलं, गुपचूप निस्तरायचं. आपणच केलेली गाठ, आपणच सोडवायची, कुणाला कळूही द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी मावशीला फोन लावला. तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती.

“इरा, तू खरं सांगशील म्हणून विचारते,” मावशी म्हणाली. “ताईला माझ्याकडे अवघडल्यासारखं होईल का गं?”

“नाही गं मावशी...”

“मागची खोली रिकामी केलीये मी. काकांच्या सायकली हलवल्या. दोघी मावू असा पलंग आणला. आणि मग तुझा मेसेज आला. मला म्हणजे... असू दे. हॉटेलं चांगली आहेत ती.”

माझ्या घशात अख्खी कबुली येऊन बसली होती. ‘मावशी, चूक माझी आहे.’ चार शब्द. पण मी घाबरले की माझं तोंड माझ्याशी सल्लामसलत न करताच काहीतरी बोलून मोकळं होतं. तिच्या घराच्या फोटोत कोपऱ्यात मातीची गोलसर शेकोटी दिसली होती, ती नेमकी डोळ्यांपुढे आली.

“आईला धुराचा त्रास होतो,” मी म्हणाले.

माझ्या आईला! जी दर गुरुवारी एवढा धूप घालते की समोरच्या फ्लॅटमधल्या आंटी दार उघडून बघतात, कुठे पेटलंय का!

“अगंबाई!” मावशी म्हणाली. “आधी नाही का सांगायचं?” आणि तिचा आवाज इतका सैल झाला की मला वाटलं, जमलं! संध्याकाळी मी दोन्ही बूट व्यवस्थित काढून घरात शिरले. आई फोन हातात धरून फ्रिजसमोर उभी होती.

“हे ऐक,” ती या वेळी मलाच म्हणाली. (फ्रिजने बहुतेक आधीच ऐकलं होतं.) “‘ताई, धुराचं कळलं. तब्येतीला जप. तुला हॉटेलच बरं.’ कसला धूर? आता माझी तब्येत काढली! उद्या म्हणेल, ताई, तुला आमच्या भिंतींचा रंग सोसणार नाही!”

“कदाचित तिला काळजी...”

“काळजी! मला टाळायची काळजी!”

त्या रात्री जेवायला थालीपीठ होतं. दुसऱ्या दिवशी थालीपीठ. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं: ही मावशीसाठी न्यायची म्हणून दळून आणवलेली भाजणी आई आम्हालाच खाऊ घालत होती. चौथ्या दिवशी सांडगी मिरच्याही तळल्या गेल्या.

“वा! आज काय विशेष?” बाबा दोन्ही हातांनी जेवत होते म्हटलं तरी चालेल.

“काही नाही. जिच्यासाठी केलं तिला आता याची गरज नाही,” आई म्हणाली. “आणि ऐका, ते सांता फे रद्द करा. आपण बँकॉकला जाऊ.”

माझा घास तोंडातच राहिला. बाबांचाही, पण त्यांना बँकॉकला बंदर आहे हे आठवलं आणि त्यांचा गेला.

“रविवारी सकाळी दहापर्यंत हॉटेल रद्द करता येईल,” आराखडा बघून ते म्हणाले. “पण शुभाला आधी सांगायला हवं. साडेनऊला व्हिडिओ कॉल लावू. तिकडे शनिवारची संध्याकाळ असेल.”

रेवाने मला खोलीत ओढलं. माझ्या फोनचा पासवर्ड तिला माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. “मी वाचला तुझा मेसेज. इराताई, तू मेलीस! सांगून टाक ना आईला!”

“सांगते.”

“कधी?”

“योग्य वेळी.”

“योग्य वेळ गेली लाह! मागच्या मंगळवारी!”

रविवारी साडेनऊ वाजता आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. टॅबलेट तांदळाच्या डब्याला टेकवलेला, शेजारी बाबांचा लॅपटॉप, त्यावर हॉटेलचं पान उघडं. मावशी पडद्यावर आली. नीट विंचरलेले केस, नीट हसू. आईचंही तसंच. दोघी इतक्या गोड बोलायला लागल्या की मला घाम फुटला.

“कशी आहेस ताई? धुराचं काय म्हणतंय?”

“मस्त. तुझी शेकोटी कशी आहे?”

“पेटवलीच नाही यंदा.”

“अगं पेटव की. आमच्यासाठी कशाला अडून बसतेस?”

बाबा खाकरले. “शुभा, आम्ही काय म्हणतोय, यंदा जरा बँकॉक...”

“हो का भाऊजी?” मावशीचं हसू तसूभरही हललं नाही. “छान. ताईला जवळ पडेल.”

“हो ना. आणि तुलाही मोकळं,” आई म्हणाली.

“माझं काय! मला सवय आहे.”

“सवय तर सगळ्यांनाच होते गं.”

घड्याळात पावणेदहा. बाबांनी माऊस ‘रद्द करा’वर नेला आणि आईकडे बघितलं. “करू?”

“करा,” आई म्हणाली.

पण तिचं लक्ष बाबांकडे नव्हतंच. बोलता बोलता मावशीचा फोन जरा कलला होता आणि तिच्या मागे ती मागची खोली दिसत होती. नवा पलंग. त्यावर दोन उशा, अगदी चिकटून ठेवलेल्या. मावशीने चटकन फोन सरळ केला. आईने चष्मा काढला आणि पदर नसतानाही पदराने पुसायला गेली. मग ड्रेसच्या टोकाने पुसला.

बाबांचं बोट खाली चाललं होतं. टेबलाखालून रेवाची लाथ माझ्या नडगीवर बसली. मी एकदम उभी राहिले, खुर्ची मागे आडवी झाली, आणि घरातलेच तीन चेहरे आणि अमेरिकेतला एक असे चारही माझ्याकडे वळले. आमच्या घरात मी उभी राहून बोलल्याची नोंद बालवाडीतल्या बडबडगीतानंतर नाही. तेही अर्ध्यात विसरले होते.

“बाबा, हात काढा!” मी ओरडले. “मावशी, तो हॉटेलचा मेसेज माझा होता, आईचा नव्हता! धूरसुद्धा माझाच! आईला तुझ्याचकडे राहायचंय, त्याच पलंगावर, त्याच उशीवर! ती फक्त पहिला ‘नको’ म्हणाली होती गं, पुढचे दोन मी तिला म्हणूच दिले नाहीत! आता प्लीज लवकर आग्रह कर, कारण एवढं सलग बोलायची मला सवय नाही आणि यापुढचं मला काही येत नाही!”