विद्याचं सुमॅक

विद्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या बाजारात पालक निवडत होते. तिचे यजमान, अनिलराव, एवढंच म्हणाले, "विद्या गेली... तुम्ही या." त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येकजण सांगतो की तिनं आजार किती शांतपणे स्वीकारला. साफ खोटं. वीस वर्षं आमची दारं शेजारी शेजारी होती. विद्यानं आयुष्यात काहीच शांतपणे स्वीकारलं नाही, आणि हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तिचं सुमॅकच घ्या. थंड मुलखातलं झुडूप, गारठा पडला की पानं लालभडक होणारं. एका सहलीत तिनं ते पाहिलं आणि हटूनच बसली. सिंगापुरात, जिथे स्वेटर लागतो तो फक्त ऑफिसातल्या एसीसाठी. नर्सरीवाले अंकल इथल्या इंग्रजीत म्हणाले, "कॅनॉट लाह, मॅडम." म्हणजे जमायचं नाही. तरी तिनं त्यांनाच रोप मागवायला लावलं. कुंडी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवली आणि नियमाप्रमाणे जायला जागा सोडली, तीही फूटपट्टीनं मोजून, इंचभरही जास्त नाही. मग रोज सकाळी मातीवर डबाभर बर्फ. आम्ही सगळे हसायचो, मी सर्वांत जास्त.

आजार निघाला आणि डॉक्टरांनी तिला मातीला हात लावायला बंदी केली, जंतुसंसर्ग व्हायला नको म्हणून. अनिलरावांच्या विनंतीवरून मी कुंडी माझ्या घरात नेली. दुसऱ्या सकाळी बाई दारात हजर... डोक्याला रुमाल, कोपरापर्यंत हातमोजे, हातात बर्फाचा डबा. माझा तोल सुटला. एका झुडपापायी जीव धोक्यात घालणार आहेस का, असं मी विचारलं.

"धोक्यात आहेच ना गं तो," ती म्हणाली. "मग दिवसभर नुसती त्याची राखण करत बसू?"

मी कुंडी उचलून पुन्हा तिच्या दाराशी ठेवली. चुकलं असेल माझं. पण आजही तेच करीन.

शेवटच्या महिन्यात खरंच चार पानं लाल झाली. मी अंकलना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, बर्फानं मुळं कुजलीत, झाड आजारी आहे, म्हणून हा रंग. मी फोन लपवायच्या आत तिनं ते वाचलं.

"कशानं का होईना, झालं ना लाल?" म्हणाली आणि खोकला येईपर्यंत हसली.

झुडूप तिच्या आधी आठ दिवस मेलं. त्यावर कृपा करून कुणी कविता रचू नये.

गेल्या आठवड्यात मी अनिलरावांकडे बसले होते, तेव्हा नर्सरीतून फोन आला. मॅडमनी सांगितलेलं दुसरं रोप आलंय म्हणे. हॉस्पिटलच्या खाटेवरून मागवलं होतं तिनं, आम्हा दोघांनाही न सांगता. ती कुंडी दारातून हलावी म्हणून माझ्यापुढे हात जोडणारे अनिलराव फोन कानाशी धरूनच चपला शोधू लागले.

मग म्हणाले, "मॅडम आता नाहीत. पण रोप दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी निघालोच."