घड्याळात शिरलेलं पाणी

कन्हेरीच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, दत्तोबा पाटकरी होता. पाटाचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे त्याच्या हातात होतं. पूर्वी तो सूर्य बघून अदमास घ्यायचा, आणि प्रत्येक पाळीला भांडणं व्हायची. मग त्याच्या मेहुण्यानं, सावळारामनं, त्याला एक घड्याळ दिलं. सावळाराम मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. एका परदेशी खलाशाकडून त्यानं ते घेतलं होतं. पाण्यात बुडालं तरी चालणारं घड्याळ. देताना त्यानं एवढंच बजावलं होतं, की रोज चावी दिल्यावर ती परत आवळून बसवायची, विसरायचं नाही.

दत्तोबानं ते चावडीपुढं पाण्यानं भरलेल्या कळशीत सोडून दाखवलं. काटा फिरत राहिला. त्या दिवसापासून घड्याळ सांगेल ती वेळ, असं लोकांनी मान्य केलं. दत्तोबाची चालही जरा बदलली.

छप्पन्न सालच्या उन्हाळ्यातली ती पाळी. सकाळपासून पाणी बागायतदार आबासाहेबांच्या उसाला होतं. दुपारी ते तोडून छबूबाईला द्यायचं, आणि दिवस मावळताना चारी बंद. छबूबाईचा नवरा माळेगावच्या कारखान्यावर कामाला होता, रान ती एकटीच बघायची. नुकतीच तिनं मिरची लावली होती. आपली पाळी झाली म्हणून ती चारीच्या दाराशी, पाणी सोडायच्या फळीपाशी, येऊन उभी राहिली.

दत्तोबानं मनगट वर केलं. काचेच्या आत वाफ धरली होती. सकाळी दारात अडकलेलं शेवाळ काढताना त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला होता. काटा थांबलेला होता. त्यानं हात झटकला तसा तो पुन्हा चालू झाला. किती वेळ थांबला होता, कुणास ठाऊक.

सूर्य कलल्याचं छबूबाईनं सांगितलं. आपली सावली कुठं पडलीय तेही दाखवलं. बांधावर आबासाहेब होते, आणखी दोघे-तिघे होते. या सगळ्यांसमोर घड्याळ बिघडलं म्हणायला दत्तोबाची जीभ रेटेना.

"घड्याळ खोटं बोलत न्हाय, छबूबाई," तो म्हणाला. "तुझी घाई नेहमीचीच हाय."

बांधावरचे हसले. ती आपल्या वाफ्यांकडं गेली. मागं पडलेल्या घड्याळाप्रमाणं तिला पाणी उशिरा मिळालं, आणि खालच्या वाफ्यांपर्यंत ते पोचायच्या आत दिवस मावळला आणि दत्तोबानं चारी बंद केली.

पुढच्या बाजारी तो बारामतीला दस्तगीर घड्याळजीकडं गेला. दस्तगीरनं मागचं झाकण फिरवून काढलं आणि आतला गंज दाखवला. घड्याळात काही खोट आहे का, असं दत्तोबानं विचारलं. मनातून त्याला खोट हवीच होती.

"झाकणाखालचं रबराचं कडं शाबूत हाय," दस्तगीर म्हणाला. "काच बी घट्ट हाय. चावी आवळली की तिच्यातलं रबर दाबून बसतं, मग पाण्याला वाटच ऱ्हात न्हाय. तुमी ती ढिली ठेवली."

दत्तोबाला आठवलं. त्या सकाळी कॅनॉलचे साहेब येणार म्हणून तो चावी देऊन, ती न आवळताच घाईत निघाला होता.

येताना त्यानं छबूबाईच्या रानावरून जायचं टाळलं, तरी वाळलेली रोपं त्याला लांबूनच दिसली. जेवण त्याला जाईना. बायकोनं, लीलाबाईनं, विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणाला. छबूबाईनं राहिलेल्या रोपांना कळशीनं पाणी घातलं, पण चारीवर येऊन पुन्हा एक शब्द काढला नाही. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी त्यानं चोरून भरपाई करायचं ठरवलं. पुढच्या पाळीत, आबासाहेबांचं पाणी चालू असताना, त्यानं छबूबाईचं दार थोडं उचलून ठेवलं. व्हायचं ते झालं. उसातलं पाणी बारीक झालेलं बघून आबासाहेब चारीनं चालत आले. छबूबाईच्या वाफ्यात पाणी खेळत होतं. त्यांनी तिथंच तिला चोर ठरवलं आणि कॅनॉल इन्स्पेक्टरला बोलावून आणलं.

आपण दाराला हात लावला नाही, असं छबूबाई सांगत होती. कुणी ऐकत नव्हतं. हिची घाई नेहमीचीच, असं कुणीतरी म्हणालं. आपलेच शब्द दत्तोबाच्या कानावर पडले, आणि त्याला तिथं उभं राहवेना.

"साहेब, दार म्या उचललं," तो म्हणाला. "गेल्या पाळीला घड्याळात पाणी शिरलं व्हतं. मला दिसलं व्हतं. तरी म्या हिलाच खोटी पाडली."

आबासाहेब आपले धोतराला लागलेला चिखल झाडत राहिले.

मग छबूबाई बोलली. आवाज चढवला नाही. "मिरची गेली तर गेली. पर तवापास्नं माझं मलाच वाटाया लागलं व्हतं, का मीच भांडकुदळ हाय."

साहेबांनी छबूबाईला जादा पाणी दिलं, पण मिरचीचा हंगाम हातचा गेला होता. दत्तोबाची बदली इंदापुराकडं, पाटाच्या शेवटाला झाली. पाणी जिथं मुळातच कमी पोचायचं, तिथं.

दोन-तीन वर्षांनी बारामतीच्या बाजारात छबूबाई त्याला वांगी घेऊन बसलेली दिसली. तो पुढं गेला. तिनं वांगी तोलली, लीलाबाईची खुशाली विचारली, इंदापुराकडं ऊन लई असंल म्हणाली. दत्तोबा वांगी पिशवीत ओतून घेऊन, तेव्हाची माफी मागावी म्हणून तसाच उभा राहिला. मागं एक बाई टोपली पुढं करून थांबली होती. छबूबाईनं तिच्यासाठी पारडं रिकामं केलं, तसा तो बाजूला सरला आणि एसटीच्या दिशेनं चालू लागला.