मी सांगस ना!

"मी सांगस ना!" असं म्हणून वहिनी उजव्या हाताचा तळवा समोरच्याच्या तोंडापुढे धरायच्या. चौकात पोलीस गाड्या अडवतो तसा. मग तो माणूस जे बोलणार होता ते स्वतःच बोलून टाकायच्या. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील म्हणा, पण आमच्या वहिनींची सर त्यांना यायची नाही.

वहिनी साक्रीकडच्या. सुरतेत इतकी वर्षं काढली, मुलगी नववीत गेली, ती मैत्रिणींशी फाडफाड गुजराती बोलते, पण वहिनींची अहिराणी जागची हलली नाही. त्यांचं बाकीचं बोलणं मी तुम्हाला सरळ करून सांगतो, पण हे तीन शब्द तसेच ठेवतो. "मी सांगते ना" असं लिहिलं तर त्यातला सगळा दणकाच जातो.

सुरतेतल्या उधन्यात आमची आणि त्यांची खोली समोरासमोर. मध्ये एक सायकल जाईल एवढा बोळ. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे आप्पा, आणि मी एकाच लूमच्या खात्यात कामाला. सुरतेत कारखान्याला खातं म्हणतात. माझे माग आणि आप्पांचे माग शेजारी-शेजारी, म्हणजे दिवसभर खात्यात आप्पा समोर आणि घरी आलो की वहिनी समोर. माझी करमणूक फुकटात व्हायची.

एकदा आप्पांचं पोट दुखायला लागलं. मीच दोघांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी आप्पांना विचारलं, "दर्द कहाँ है?" तळवा वर. "मी सांगस ना!" आणि वहिनींनी आप्पांची पाठ, आप्पांचे गुडघे आणि आप्पांच्या आईचा दमा, सगळं सविस्तर सांगितलं. पोट राहिलंच. आप्पा गुडघ्यांच्या गोळ्या घेऊन घरी आले आणि मुकाट्याने खाल्ल्याही.

दुसऱ्यांदा दारात एक सरकारी माणूस आला. त्याने खाटेवर बसलेल्या आप्पांना नाव विचारलं. तळवा वर. "मी सांगस..." आणि गाडी तिथेच अडली. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. वहिनी तळवा धरून, तोंड उघडं ठेवून उभ्या, आणि तो बिचारा पेन धरून उभा. आप्पा मिशीत हसत होते. शेवटी त्यांनीच आपलं नाव सांगितलं आणि मला म्हणाले, "चला, एवढं तरी माझ्याकडे ठेवलं हिने!"

आप्पा घरी बोलायचेच नाहीत. बोळातल्या बायका म्हणायच्या, गरीब माणूस हो, तोंडात जीभ नाही. मला मनातल्या मनात हसू यायचं. कारण खात्यात आप्पांसारखा बडबड्या दुसरा नव्हता.

तुम्ही कधी लूमच्या खात्यात गेला नसाल तर सांगतो. आत पाऊल टाकलं की कान संपतात. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी लागते. म्हणून आम्ही हातांनी बोलतो, ओठ वाचतो. हे कुणी शिकवत नाही, बघून बघून येतं. दोन बोटं कटकन वेगळी केली की धागा तुटला. दोन्ही हात जोडून छप्पर केलं की घर. पोटासमोर हाताने मोठा गोल काढला की शेठ आला, कामाला लागा. चहाला जायचं असेल तर दोन बोटं स्वतःच्या डोळ्यांशी, मग हात मागांकडे, मग शेजाऱ्याकडे बोट. म्हणजे माझे माग तू बघ. आप्पा तर या बोटांनी नकला करायचे, गावाकडच्या गोष्टी सांगायचे, माझ्या सासूची चौकशी करायचे. त्यांच्यामुळे माझा कितीदा तरी हसण्यात धागा तुटलाय.

तर अशा त्या माणसाच्या गळ्यावर धोटा बसला. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धागा घेऊन पळणारा लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी. क्वचित कधी तरी सुटून उडतो. त्या दिवशी आप्पांच्याच मागाचा उडाला आणि थेट नरड्यावर.

दवाखान्यात वहिनी धावत आल्या, हाताला पीठ तसंच. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "पेशंट का नाम?" मी सांगणार, तेवढ्यात वहिनींचा तळवा माझ्या तोंडापुढे आला. "मी सांगस ना." अगदी हळू. आणि त्यांनी नाव घेतलं. सासऱ्यांच्या नावासकट, आडनावासकट. मुलीला ऐकू गेलं नाही, तर पुन्हा, मोठ्याने. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तळव्यावरचं पीठ माझ्या मिशांना लागलं होतं, तेही पुसायचं सुचलं नाही.

आप्पा वाचले. पण आवाज गेला तो गेलाच. गळ्याला एक भोक राहिलं, त्यात छोटी नळी, श्वास तिथून. डॉक्टरांनी सांगितलं की खात्यातली धूळ आणि तंतू आता यांना चालायचे नाहीत. म्हणजे कामही गेलं. शेठ माणूस वाईट नव्हता, दवाखान्याचं त्याने पाहिलं. पण आवाज काही शेठला आणून देता येत नव्हता.

घरी आल्यावर वहिनींनी आप्पांच्या वाटचंही बोलायला घेतलं. आधी निदान आप्पांना वाटलं तर बोलता यायचं, आता तेही नाही. कुणी भेटायला आलं आणि "काय आप्पा, कसं वाटतंय?" म्हणालं की तळवा वर. "मी सांगस ना! त्यांना आज बरं वाटतंय. त्यांना दूध नको झालंय. त्यांना तुमची आठवण येत होती." आप्पा नुसते बघत राहायचे. त्यांनी पंख्याकडे हात केला की वहिनी चादर आणायच्या. खिडकीकडे केला की चहा. मुलीने मोबाइलवर लिहायला दिलं, तर आप्पांचं शिक्षण तिसरीपर्यंत, एका वाक्याला अर्धा तास. आणि लिहिलं तरी मुलगी शाळेत आणि वहिनींना वाचता येत नाही. हळूहळू आप्पांनी हात करणंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडायचे. वहिनी मला म्हणाल्या, "आराम करतात."

मग एका सुट्टीच्या दिवशी आम्ही खात्यातली चार माणसं भेटायला गेलो. वहिनी चहा ठेवायला आत वळल्या. मी सवयीने आप्पांकडे बघून पोटासमोर गोल काढला आणि मान वाकडी केली. म्हणजे शेठने फार पीडलंय. आप्पा झटकन उठून बसले. त्यांची बोटं सुरू झाली ती थांबेचनात. माझ्या मागांवर आता कोण? खात्यातला वायरमन अजून कामावर झोपतो का? दवाखान्यातल्या शेजारच्या पेशंटच्या घोरण्याची नक्कलसुद्धा केली, तीही हातांनी! आम्ही लोटपोट. आप्पाही हसत होते. खांदे गदगदा हलत होते, आवाज तेवढा नव्हता.

वळून बघतो तो वहिनी दारात. हातात कपांचं ताट, आणि चहावर साय धरलेली. कधीच्या उभ्या होत्या कुणास ठाऊक.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी ताट खाली आदळलं. "म्हणजे इतकी वर्षं माझ्यापुढे दगड होऊन बसायचे, आणि तिकडे खात्यात बडबड?" मग एकदम रडायलाच लागल्या. "हे बोलतात, आणि मला समजत नाही हो, भाऊ." पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर डाफरल्या, "बसा इथे. शिकवल्याशिवाय चहा मिळायचा नाही."

मी मास्तर झालो. अशी विद्यार्थिनी शत्रूलाही मिळू नये. हात करताना तोंड चालूच, आणि तोंड चालू असलं की नजर भलतीकडे. "वहिनी, बघा आधी. बघितल्याशिवाय कसं समजेल?" "बघतेच आहे की, मी सांगस ना, त्यांना काय म्हणायचंय ते..." आप्पा कपाळाला हात लावायचे. त्याचा अर्थ मात्र वहिनींना बरोबर कळायचा. पण बाई चिकाटीची. भाजी घेताना भाजीवाल्याला खुणा करायच्या, मुलीला शाळेत सोडताना खुणा करायच्या. मुलगी म्हणायची, "मम्मी, रस्त्यात नको ना!"

शेठ आप्पांना भेटायला आला तेव्हा तर कहरच. शेठ खुर्चीत बसला. धोट्यात बसवायच्या धाग्याच्या कांड्या भरायला बाई मिळत नाही, ओळखीत कुणी असेल तर सांगा, असं काहीबाही बोलत होता. आप्पांनी वहिनींना हातानेच विचारलं, चहा कुणासाठी ठेवतेस? वहिनींनी आनंदाने, चांगला हातभर मोठा गोल पोटासमोर काढला. शेठने स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "शुं कहे छे?" मी म्हटलं, "शेठजी, चंद्राबद्दल काहीतरी चाललंय." आप्पांना नळीतून खोकला येईपर्यंत हसू आलं.

हसणं झालं तरी घर कसं चालणार हा प्रश्न होताच. वहिनींचा भाऊ गावाहून आला, दोघांना आणि मुलीला कायमचं घेऊन जायला. वहिनींनी बोळभर सांगून ठेवलं होतं, "त्यांनाही गावीच जायचंय." भांड्यांची पोती शिवून झाली होती. आप्पा खाटेवर बसून सगळं बघत होते. जाताना भेटावं म्हणून मी दारात उभा.

भावाने सहज विचारलं, "दाजी, उद्या सकाळच्या गाडीने निघू ना?"

तळवा वर. "मी सांगस..."

आणि वहिनी थांबल्या. आप्पांच्या तोंडाकडे त्यांची नजर गेली असावी. तळवा हळूहळू खाली आला. त्या जमिनीवर आप्पांच्या समोर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि गप्प राहिल्या. खरं सांगतो, त्या बोळात इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

आप्पांनी खांद्यावरून मागे हात केला, गावाकडे, आणि मान हलवली. नाही. मग दोन बोटं डोळ्यांशी. हात लांब, खात्याच्या दिशेला. मग बोट वहिनींकडे.

वहिनी एकेक शब्द चाचपत म्हणाल्या, "माझे... माग... तू बघ." आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी? खात्यात? मी?"

आप्पांनी दोन्ही हातांचं छप्पर केलं आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली. घर मी बघतो. मग थोडं थांबून, पोटासमोर एक मोठ्ठा गोल. शेठकडे जा.

"काय म्हणतात दाजी?" भाऊ विचारत होता. वहिनींनी जेवढं आप्पा म्हणाले तेवढंच सांगितलं. एक शब्द वर नाही. मग आप्पांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडल्या. नंतर मला म्हणाल्या, "गावी मलाच जायचं होतं, भाऊ. भीती वाटत होती. त्यांच्या नावावर खपवत होते." भाऊ एकटाच परत गेला. पोती उसवली.

वहिनी खात्यात कांड्या भरायला लागल्या. मला शंका होती की या बाईचं तोंड तिथे कसं टिकणार. अहो, आठवड्यात सगळं खातं त्यांच्याशी गप्पा मारायला लागलं! कुणाची सून कशी, कुणाचा मुलगा कुठे, सगळं बोटांवर, आणि कांड्या भरतच. इकडे आप्पा गळ्याला ओला रुमाल बांधून भाकरी थापायला शिकले. पहिल्या महिन्यातल्या भाकऱ्या मी खाल्ल्यात, त्याविषयी बोलत नाही. आता मुलगी आईच्या हातची नको म्हणते. वहिनींना त्याचा राग येतो आणि त्या सगळ्यांना कौतुकाने सांगतातही.

पुढे शेठने खातं सुरतेबाहेर कामरेजकडे नेलं. ते तिघे तिकडे राहायला गेले. मी उधन्यातच दुसरं काम धरलं. समोरच्या खोलीत आता एक नवरा-बायको राहतात, सभ्य आहेत, हळू बोलतात. मला मुळीच करमत नाही.

परवा आमच्या लोकांच्या एका लग्नात दोघे दिसले. डीजे असा लावलेला की मंडपातला प्रत्येक माणूस बहिरा. जो तो दुसऱ्याच्या कानात ओरडतोय. फक्त आप्पा पुरुषांच्या पंगतीत आणि वहिनी बायकांच्या घोळक्यात, मध्ये अख्खा मंडप, आणि दोघांच्या निवांत गप्पा चाललेल्या. नवरदेवाच्या काकाकडे बघून पोटासमोर गोल काढलेला तर मी डोळ्यांनी पाहिला. थोड्या वेळाने वहिनी येऊन आप्पांच्या मागे उभ्या राहिल्या.

जिलेबीचं ताट घेऊन वाढपी आला. त्याने आप्पांच्या गळ्यातली नळी पाहिली, आणि वहिनींकडे वाकून ओरडला, "यांना चालेल का? किती वाढू?"

वहिनींचा तळवा वर गेला, थेट त्याच्या तोंडापुढे. म्हटलं, झालं, आता सुरू. पण तळवा तसाच वळला आणि आप्पांकडे झाला. आवाज काही माझ्यापर्यंत आला नाही, पण मी लूमवाला, मला ओठ वाचता येतात. "माले काय इचारतस? त्यासले इचारा ना!"

वाढप्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चार बोटं दाखवली. वहिनींनी ती चार बोटं पाहिली, तोंड उघडलं, आणि मिटलं. वाढप्याने चार जिलब्या वाढल्या.