चाकावरची काळी झालर

वाईहून निघताना मी स्वतःच्याच जीपकडे तीनदा वळून पाहिलं, हे आधी कबूल करतो. चार महिन्यांपूर्वी तिला रुंद टायर घातले. ते गाडीच्या अंगाबाहेर आले, चिखल काचेपर्यंत उडायला लागला, म्हणून चारही मडगार्डांवर काळ्या फायबरची रुंद झालर बसवून घेतली. दुकानदार तिला ‘फ्लेअर’ म्हणतात. साताऱ्याच्या एका फिटरनं दुपारभरात काम उरकलं. गाडी अशी काही रुबाबदार दिसायला लागली की विचारू नका! माझा मित्र विलास हिचीच बहीण शोभेल अशी जीप बाळगून आहे. त्याला तर मी हाताला धरून त्याच फिटरकडे नेलं.

सोबत धाकटे मामा होते. लष्करात बावीस वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेले, आता वाईत मसाल्याची गिरण चालवतात. गिरणीसाठी सांगलीहून हळद आणायची होती. मामांना लष्करातली एक खोड आहे. गाडी कुठंही थांबली की उतरून चारही टायरना हात लावायचा. साताऱ्याला चहाला थांबलो, लावला. कराडला डिझेल घेतलं, लावला. पेठ नाक्याला मी चिडलोच.

“आवं मामा, आपण काय सीमेवर निघालोय का?”

“हात माझा हाय नव्हं? तुझं काय जातंय रं?” असं म्हणून ते शांतपणे चौथ्या टायरकडे गेले.

पेठ सोडल्यावर दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो, तो थेट सांगलीपर्यंत. रिकामी जीप मस्त पळत होती. बाजारात पोचलो तर हवाच पिवळी. हमालांच्या भुवया पिवळ्या, दलालाच्या चष्म्याच्या काड्या पिवळ्या. मामांनी हळकुंड कटकन मोडून आतला रंग पाहिला, नाकाशी नेलं, दोन ठिकाणी नाक मुरडलं आणि तिसऱ्या ठिकाणी सहा पोती घेतली. हमालांनी ती मागं रचली तसं जीपचं बूड खाली बसलं.

सांगली सोडली आणि मागून आवाज यायला लागला. खर्र, खर्र. खड्डा आला की जास्त.

“रुंद टायरचा आवाज असतो तो,” मी ठोकून दिलं.

“आवाज टायरचा न्हाई. त्याला काय तरी खातंय,” मामा म्हणाले.

आष्ट्याला भडंग (लसूण-तिखट लावलेले चुरमुरे) खायला थांबलो. मी पुडी सोडतोय तोवर मामांनी मागच्या चाकाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. बोटातून रक्त येत होतं. बोटांना काळ्या रबराचा चुरा चिकटला होता. मला वाटलं, काच लागली असेल. मामांनी समोरच्या टायरच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

दुकानदार रफिकभाई, पन्नाशीचे. त्यांनी जॅक लावला, चाक उतरवलं आणि माझ्यापुढे आडवं केलं. टायरला कडेनं गोल चर पडली होती, सगळीकडून, आणि त्या चरीत आतली तार चमकत होती. मग त्यांनी झालरीच्या आत बॅटरी मारली. झालर बाहेरून स्क्रूनं ठोकली होती आणि प्रत्येक स्क्रूचं टोक दोन बोटं आत आलं होतं, सरळ टायरकडे तोंड करून. फिटरनं एकही कापलेलं नव्हतं.

“करवत लावलीया की वो टायरला!” रफिकभाई म्हणाले. “रिकामी गाडी वर ऱ्हाती, तवा लागत न्हाई. वजन पडलं की बॉडी खाली येती, मग कापत सुटतंय. हायवेला लागला असता तर टायर फुटला असता.”

अरे देवा! आणि तेवढ्यात डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं. विलास! आज शनिवार. तो बायको, दोन पोरं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन पाचगणीला गेलेला. जीप गच्च भरलेली. आणि उतरायचं पसरणीच्या घाटातून.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. पाचव्या वेळी वहिनींनी उचलला.

“भावजी, हे गाडी चालवत्यात. आमी घाट उतरतोय—”

“वहिनी, गाडी थांबवा! आत्ता! डोंगराच्या बाजूला घ्या! त्याला मागच्या टायरला हात लावून बघायला सांगा!”

दार उघडल्याचा आवाज आला. पोरं विचारत होती, काय झालं. मग विलासचा आवाज, एकदम बारीक. “गड्या... हाताला तार लागली.”

रफिकभाईंनी चारही झालरी उतरवल्या. आत ओला गाळ कोंबलेला, रंग घासून पत्रा उघडा पडलेला. बाकीच्या टायरना नुसते ओरखडे होते, म्हणून एका चाकाला स्टेपनी चढवून आम्ही निघालो. सगळ्या वाटेत मामा एकदाही ‘बघ, म्हणत नव्हतो?’ असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

वाईत आधी विलासच्या घरी गेलो. तो नुसता बसून होता. वहिनींनी पाणी दिलं आणि विचारलं, “भावजी, आमाला त्या फिटरकडं न्यायच्या आधी तुमी एकदा तरी आत हात घालून बघितलं हुतं का?”

“न्हाई, वहिनी.”

त्या आत निघून गेल्या.

प्रवासात माणूस बरंच काही बघतो. मी मात्र चार महिने गाडी बाहेरूनच बघत होतो. घरी आल्यावर आठवलं, जीपवाल्यांच्या ग्रुपवर मी फोटो टाकले होते तेव्हा अकरा जणांनी फिटरचा पत्ता विचारला होता आणि मी अकराही जणांना तो आनंदानं दिला होता. एकेकाला फोन लावायला बसलो. नऊ जण सापडले. उरलेले दोघं अजून फोन उचलत नाहीत.