नऊ वर्षं अडलेली ओटी

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर हयात गेली, आता बदलापुरात असतो. लिहायची सवय नाही, पण घडलं ते लिहा, असा आमच्या हिचा आग्रह. सुरुवातीलाच कबूल करतो, त्या दिवसांत मी देवीवरसुद्धा चिडलेलो होतो.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन जूनमध्ये ठरलं. त्याआधी रत्नागिरीकडे गावी जाऊन कुळदेवीची ओटी भरायची, मगच टेबलावर झोपेन, असं ती धरून बसली. मुलाला रजा मे महिन्यातच मिळणार. गावात आमचं घर आता उरलेलं नाही, आणि तसला गुडघा घेऊन एका दिवसात जाऊन येणं होत नाही. म्हणजे मुक्काम आला.

मे महिन्यात कोकणात मुक्काम. मी स्वतः फोन करत होतो, मुलाला हात लावू दिला नाही. जिथे करावा तिथे ‘फुल आहे’. एक म्हणाला, दोन रात्री घ्याव्याच लागतील, त्यात समुद्रस्नान आणि मासळीचं जेवण. मी म्हटलं, “अहो, आम्ही देवीला येतोय, पोहायला नाही.” तर म्हणतो, “मग आजोबा, पावसाळ्यात या की. देवी कुठे जातेय?” माझं डोकं फिरलं. ज्या मातीत माझी नाळ पुरली तिथे मला पाठ टेकायला जागा नाही, आणि कोण कुठले लोक वाळूत लोळायला येणार. घरी देव्हाऱ्यासमोर उभा राहून विचारलं, “आई, हा तुझा न्याय?”

हिने आतून ऐकवलं, “तिला काय विचारता? नऊ वर्षं तुमच्या नारळापायी माझी ओटी अडलीय.”

तेही सांगतो. नऊ वर्षांपूर्वी शिमग्याला पालखीपुढचा मानाचा नारळ गुरवाने आधी आमच्या भावकीतल्या दुसऱ्याच्या हातात दिला. मान आमच्या घराचा. मी भर अंगणात गुरवाला बोललो की पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही. ठेवला नाही. गावालाच पाठ केली.

ओटीची साडी घ्यायला उल्हासनगरला गेलो. दुकानात गल्ल्यावर एक म्हातारी सिंधी बाई बसलेली. हिरवी साडी पसंत केली आणि तिथेच पुन्हा एका लॉजला फोन लावला. पुन्हा ‘फुल’. मी तोंडाला येईल ते बोललो. बाई साडीची घडी घालत शांतपणे म्हणाली, “भाऊ, साडी देवीची ना? फिर उसके घर में तुमचा कोणी नाही काय? लॉज कायको?”

मी म्हटलं, “आहे एक. बोलत नाही मी त्याच्याशी.”

“तो देवी को भी ऐसा ही बोलो,” ती म्हणाली, आणि साडी पिशवीत घातली.

मला तिचा राग आला. रिक्षात बसेपर्यंत होता. मग काय झालं, सांगता येत नाही. बोटं आपसूक नंबर शोधायला लागली. गुरवाने आवाज ओळखला. मी फक्त, “हिला ओटी भरायचीय,” एवढंच म्हणालो. तो म्हणाला, “भाऊ, पडवी रिकामीच आहे. वैनीला खाट घालतो. आणि तुमच्या नावाचा नारळ दर शिमग्याला बाजूला ठेवतोय मी. चूक माझीच होती त्या दिशी.”

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मी रस्त्याकडे तोंड केलं.

आम्ही गेलो. गाड्यांनी वाट अडवलेली, देवळाच्या मागे कोणीतरी बाटल्या फेकलेल्या. त्याचा राग मला आजही आहे, तो जायचाही नाही. पण हिने गुडघा धरत पायरी चढून हिरवी साडी देवीच्या पायाशी ठेवली, तेव्हा गुरवाने तो नारळ माझ्या हातात दिला. नऊ वर्षं ज्याच्यासाठी भांडलो तो हातात आला आणि जड वाटला. मी तो त्यालाच परत केला. म्हटलं, “तूच वाढव. आणि गाऱ्हाण्यात हिचा गुडघा आधी घे, माझं नाव मागनं.”

त्या दुकानातल्या बाईला प्रसाद नेऊन दिला. तिला काही आठवतही नव्हतं. मी मात्र त्या माउलीचा ऋणी आहे. देवीआईने माझ्यासाठी एकच दार उघडं ठेवलं होतं, नेमकं मी लाथाडलेलं. बाकी सगळी फुल करून ठेवली, म्हणून वाकलो. नाहीतर माझ्यासारखा वाकत नाही.